केरी काउंटी गेलिक फुटबॉल संघ

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील केरी काउंटीचा हौशी खेळाडूंचा संघ. अखिल आयर्लंड अजिंक्यपदे ३९ (२०२५ अखेर), म्हणजे इतर कोणत्याही काउंटीपेक्षा अधिक. पहिले १९०३ चे. १९२४ ते १९६२ दरम्यान आठ विजेते संघ घडवणारे डॉ. एमन ओसलिवन पेशाने मनोविकारतज्ज्ञ होते. प्रशिक्षक मिक ओड्वायर यांनी १९७५ ते १९८६ या काळात तेवढीच अजिंक्यपदे मिळवली. त्यांची सारी भिस्त तंदुरुस्तीवर. सलग पाचवे अजिंक्यपद मात्र १९८२ च्या अंतिम सामन्यात ऑफलीच्या शेमस डार्बीने अखेरच्या मिनिटांत केलेल्या गोलमुळे हुकले. केरीच्या विजयांहूनही कदाचित हाच पराभव अधिक प्रसिद्ध आहे. १९८६ नंतरचा अकरा वर्षांचा दुष्काळ पॉडी ओ शे यांनी १९९७ मध्ये संपवला. जॅक ओकॉनर यांच्या तीन कारकिर्दींत मिळून पाच अजिंक्यपदे आली.