भंडारा द्विसदस्यीय लोकसभा मतदारसंघ (१९५२-१९६१) : निवडणूक पद्धती व प्रतिनिधित्वाचा प्रश्न
(गोंदिया परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी गोंदिया ही भंडारा जिल्ह्याची तहसील होती. त्यामुळे या परिसराचा संसदीय इतिहास भंडारा मतदारसंघाच्या इतिहासातच शोधावा लागतो. स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. म्हणजे एकाच मतदारसंघातून लोकसभेवर दोन सदस्य निवडून जात. त्यापैकी एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. याच मतदारसंघाची पहिली निवडणूक सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने रद्दबातल ठरली आणि याच मतदारसंघात १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पराभव झाला. या पराभवाची चर्चा बहुधा पक्षीय राजकारणाच्या अंगाने होते. परंतु ज्या नियमांनी मते मोजली गेली, त्या नियमांचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात तो प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) द्विसदस्यीय मतदारसंघाची रचना व मतमोजणीची पद्धत समजून घेणे.
२) १९५२ ची निवडणूक रद्द होण्यामागील कारणांचा शोध घेणे.
३) १९५४ च्या पोटनिवडणुकीच्या निकालाचे मतदान पद्धतीच्या आधारे विश्लेषण करणे.
४) ही पद्धत रद्द होण्याची कारणे व तिचे स्थानिक परिणाम तपासणे.

गृहीतक व अभ्यास पद्धती

निवडणुकीचा निकाल केवळ मतदारांच्या पसंतीवर नव्हे, तर ती पसंती मोजण्याच्या नियमांवरही अवलंबून असतो, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. घटनात्मक तरतुदी, निवडणूक कायदे, न्यायनिर्णय व प्रकाशित इतिहासलेखन यांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी : पुणे करार ते संविधान

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गासाठी विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मान्य करण्यात आल्या. १९३५ च्या कायद्यान्वये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत एकूण ११२ जागा होत्या. त्यातील ८४ सर्वसाधारण जागांपैकी २० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. उर्वरित जागा मुस्लिम, स्त्रिया, जमीनदार, व्यापार, कामगार, विद्यापीठ इत्यादी गटांत विभागलेल्या होत्या. राखीव जागेसाठी प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक होऊन चार उमेदवार निवडावेत व नंतर सर्व मतदारांनी त्यांतून एकाची निवड करावी, अशी पुणे कराराची व्यवस्था होती. म्हणजे उमेदवार ठरविण्यात तरी त्या समाजाला स्वतंत्र वाव होता.

संविधानाने प्रौढ मताधिकार दिला, विभक्त मतदारसंघ संपुष्टात आणले आणि अनुच्छेद ३३० व ३३२ अन्वये राखीव जागा कायम ठेवल्या. मात्र प्राथमिक निवडणूक राहिली नाही. राखीव जागा कोठे ठेवावी, या प्रश्नाला पहिल्या निवडणुकीत द्विसदस्यीय मतदारसंघ हे उत्तर देण्यात आले. कोणत्याही भागातील सर्वसाधारण उमेदवारांची संधी जाऊ नये आणि राखीव जागाही मिळावी, असा त्यामागील हेतू होता. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय व एक त्रिसदस्यीय होता. गोंदिया परिसर ज्या राज्यात होता त्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या विधानसभेतही २३२ जागांसाठी १८४ मतदारसंघ असून त्यांतील ४८ द्विसदस्यीय होते.

मतदान व मतमोजणीची पद्धत

द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत. दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची चिन्हासह स्वतंत्र मतपेटी असे. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्यास त्यांपैकी एकच ग्राह्य धरली जाई. दुसरे मत वापरलेच पाहिजे, असे मात्र बंधन नव्हते.

मतमोजणीचा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. प्रथम अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणारा राखीव जागेवर विजयी घोषित होई. त्यानंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, मग ते कोणत्याही जातीचे असोत, ज्यास सर्वाधिक मते असत तो सर्वसाधारण जागेवर विजयी होई. उदाहरणादाखल अनुसूचित जातींच्या दोन उमेदवारांना अनुक्रमे १ लाख २० हजार व १ लाख १० हजार आणि सर्वसाधारण उमेदवारास १ लाख मते मिळाली, असे मानू. अशा वेळी दोन्ही जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांना मिळत. राखीव जागा ही किमान हमी होती, कमाल मर्यादा नव्हती.

एकाहून अधिक सदस्यांचे मतदारसंघ अन्य देशांतही आहेत. लक्झेंबर्ग या लहान युरोपीय देशात संसदेचे ६० सदस्य चार मतदारसंघांतून निवडले जातात. मतदारास मतदारसंघातील जागांइतकी मते असतात, ती निरनिराळ्या पक्षांच्या उमेदवारांत विभागता येतात व एका उमेदवारास दोन मतेही देता येतात. मात्र तेथे जागांची वाटणी पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात होते. भंडाऱ्यात अनेक मतांची सोय होती, प्रमाणशीर वाटणी नव्हती. परिणामी दुसरे मत कोणाकडे जाते, यावर पहिल्या मताचे फलित अवलंबून राहिले.

१९५२ ची निवडणूक आणि न्यायालयीन निर्णय

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी सर्वसाधारण जागेवर व तुलाराम साखरे राखीव जागेवर विजयी झाले. या निवडणुकीस आव्हान देण्यात आले व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याचा निकाल लागला. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या या निर्णयात दोन प्रश्न होते आणि दोन्ही या भूमीशी जोडलेले होते.

पहिला प्रश्न विडी उद्योगाचा. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी उत्पादक पेढीचे भागीदार होते. पेढीचा सैनिकी कॅन्टीनना विड्या पुरविण्याचा केंद्र शासनाशी करार होता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार शासकीय करारात हितसंबंध असलेली व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरत असे. करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ मधील औपचारिक नमुन्यात झाला नव्हता, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. करार प्रत्यक्षात अमलात होता व त्यात हितसंबंधही होता, म्हणून जसानी अपात्र ठरले.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी होता. राखीव जागेसाठी भरलेला एक उमेदवारी अर्ज, अर्जदाराने महानुभाव पंथ स्वीकारल्याने तो महार राहिला नाही, या कारणास्तव फेटाळण्यात आला होता. जातिभेद न मानणाऱ्या पंथात गेल्याने जात संपते काय, असा हा पेच होता. न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या : मूळ समाजाची प्रतिक्रिया, व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. समाजाने त्या व्यक्तीस आपल्यातीलच मानले असल्याने ती महारच राहते व अर्ज फेटाळणे अयोग्य होते, असा निर्णय झाला. परिणामी संपूर्ण निवडणूक रद्द होऊन दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले. राखीव जागेचा उमेदवार कोण, हे ठरविण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याच्या पंथविषयक समजुतीवर अवलंबून राहू शकत नाही, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.

१९५४ ची पोटनिवडणूक

१९५२ मध्ये उत्तर मुंबईतून पराभूत झालेले डॉ. आंबेडकर या वेळी राज्यसभेचे सदस्य होते. भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांच्याशी त्यांची युती होती. काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर व पूनमचंद रांका हे उमेदवार होते. मे १९५४ मध्ये झालेल्या मतदानात अशोक मेहता विजयी झाले, तर डॉ. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी बोरकरांकडून पराभूत झाले.

या निकालातून दोन अनुमाने निघतात. पहिले, दोन्ही आघाड्यांच्या मतदारांनी आपली मते जोडीनेच दिली असती, तर मेहतांबरोबर आंबेडकरही विजयी झाले असते. तसे झाले नाही. याचा अर्थ, मेहतांना मत देणाऱ्या काही मतदारांचे दुसरे मत अन्यत्र गेले किंवा वापरलेच गेले नाही.

दुसरे अनुमान मतमोजणीच्या क्रमातून निघते. राखीव जागा बोरकरांना मिळाल्यानंतरही डॉ. आंबेडकर सर्वसाधारण जागेच्या स्पर्धेत कायम होते. ती जागा मेहतांना मिळाली, म्हणजे त्यांची मते आंबेडकरांपेक्षा अधिक होती आणि त्या मतांत फेडरेशनच्या मतदारांच्या दुसऱ्या मतांचाही वाटा होता. मतदारांनी दुसरे मत ‘कुजवावे’, अशी सूचना कार्यकर्त्यांनी केली होती, असे आंबेडकरी चळवळीच्या इतिहासलेखनात नमूद आहे. गणिताच्या दृष्टीने ही सूचना निरर्थक नव्हती. मेहतांची मते पुरेशी घटली असती, तर आंबेडकर सर्वसाधारण जागेवर निवडून येण्याची शक्यता होती. परंतु डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. १९५२ च्या मुंबईतील निवडणुकीत मते कुजविण्याच्या प्रचाराविरुद्ध त्यांनी व मेहतांनी मिळूनच निवडणूक याचिका दाखल केली होती. ज्या कृतीविरुद्ध दाद मागितली, तिचाच आश्रय स्वतःच्या विजयासाठी घेणे त्यांच्या घटनात्मक भूमिकेशी विसंगत ठरले असते.

पद्धतीचा अंत

ऑगस्ट १९५५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. भंडाऱ्याच्या निकालानंतर सुमारे सव्वा वर्षानेच हा ठराव झाला, हे लक्षणीय आहे. तथापि द्विसदस्यीय पद्धतीच्या अंताचे निमित्त वेगळे होते. १९५७ मध्ये आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळाल्या व व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल वैध ठरविला. त्यानंतर द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द करणारा कायदा १९६१ मध्ये झाला. १९६२ च्या निवडणुकीत भंडारा हा सर्वसाधारण, तर गोंदिया हा अनुसूचित जातींसाठी राखीव असे वेगवेगळे एकसदस्यीय मतदारसंघ दिसतात. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्यातील गोंदिया, तिरोडा व अर्जुनी मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात, तर आमगाव हा गडचिरोली-चिमूरमध्ये आहे.

निष्कर्ष

१) द्विसदस्यीय पद्धतीने राखीव समाजाच्या प्रतिनिधित्वाची हमी दिली. परंतु प्राथमिक निवडणूक नसल्याने तो प्रतिनिधी कोण, याचा निर्णय संपूर्ण मतदारसंघाच्या, विशेषतः दुसऱ्या मतांच्या, हाती राहिला.
२) १९५२ च्या निवडणुकीवरील निर्णयाने उमेदवाराचे आर्थिक हितसंबंध व जातीची ओळख या दोन्ही बाबतींत महत्त्वाचा न्यायिक पायंडा पाडला.
३) १९५४ चा निकाल युतीतील मतांच्या असमान देवाणघेवाणीचा परिणाम होता. फेडरेशनच्या मतदारांची दुसरी मते मित्रपक्षास उपयोगी पडली, तितकी परतफेड झाली नाही.
४) राखीव जागेपलीकडे सर्वसाधारण जागाही जिंकण्याचा मार्ग या पद्धतीत खुला होता. १९६१ नंतर सर्वसाधारण मतदारसंघातून उभे राहण्याचा हक्क कायम राहिला. परंतु एकाच मतदानातून दोन्ही जागांवर दावा करण्याची संधी संपली.

ज्या मतदारसंघात एका समाजाच्या सर्वांत मोठ्या नेत्याला त्याच समाजासाठी राखलेली जागा मिळाली नाही, तेथील निवडणूक नियमांचा अभ्यास हा केवळ स्थानिक कुतूहलाचा विषय नाही. जागा राखणे आणि निवडीचा अधिकार राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी १९५४ मध्येच अनुभवले होते.