अटलांटाच्या फुटपाथवरून

पडद्यावरचे काउबॉय अजून बोलताहेत आणि थिएटरातले दिवे लागतात. तारीख ५ ऑगस्ट १९६९. अटलांटातल्या ॲन्सली मॉलमधलं हे छोटंसं थिएटर. तुम्ही अँडी वॉरहॉलचा ‘लोन्सम काउबॉईज’ बघायला आला आहात. सिनेमा कशाबद्दल आहे याचा जेमतेम अंदाज येतोय तोवर पोलीस आत घुसतात. प्रेक्षक सत्तरेक. उठू पाहणाऱ्यांना अडवलं जातं आणि फ्लॅश उडू लागतात, एकेका चेहऱ्यासमोर.

“नाव काय? काम कुठे करतोस? सोबत कोण आहे?”

तुमच्या शेजारचा माणूस कॉलर वर ओढतो. शाळेत शिकवत असेल, बँकेत असेल, तुम्हाला कळायला मार्ग नाही. पण कॅमेऱ्याला तो जितका घाबरलाय तितका दंडुक्याला नाही, एवढं दिसतं. जॉर्जियाच्या कायद्यात ‘अनैसर्गिक’ ठरवलेल्या संबंधांना १ ते २० वर्षांची कैद आहे. पण तुरुंगापर्यंत जायची वेळच येत नाही. फोटो पोलिसांकडे, नाव मालकाकडे, मालकाकडून घरी आणि घरून चर्चमध्ये. एवढ्यात माणूस गावातून उठतो.

न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर धाड पडून सहा आठवडेही झालेले नाहीत. तिथे लोकांनी पोलिसांवर बाटल्या फेकल्या. इथे कोणी काही फेकत नाही. इतिहासाच्या पुस्तकांना बाटल्या आवडतात, म्हणून स्टोनवॉल सगळ्यांना ठाऊक आहे आणि हे थिएटर फारसं कोणाला नाही. अटलांटातली माणसं त्या रात्री घरी गेली, सकाळी पुन्हा कामाला गेली, आणि त्यातल्या काहींनी संध्याकाळी सभा भरवायला सुरुवात केली. दोनेक वर्षांत ‘जॉर्जिया गे लिबरेशन फ्रंट’ उभी राहिली. मला विचाराल तर याला जास्त छाती लागते.

आता १९७१चा जून. पीचट्री स्ट्रीटवर ऊन तापलंय आणि तुम्ही सव्वाशे जणांच्या मोर्चात आहात. नगरपालिकेने रस्त्यावरून जायची परवानगी नाकारली आहे, तेव्हा चालायचं ते फुटपाथवरून. पुण्यात पालखी आली की सिग्नल थांबतात; इथे सिग्नल लाल झाला की क्रांती थांबते. घोषणा अर्ध्यावर तोडून सगळे कडेला उभे राहतात, हिरवा दिवा लागला की पुन्हा ओरडायला लागतात. गाड्यांच्या काचा खाली होतात. कोणी शिवी घालतं, कोणी नुसतंच बघतं. शेवटी पीडमाँट पार्कची सावली येते आणि तुमच्या पुढची मुलगी बूट काढून गवतावर आडवी होते.

पण मला तुम्हाला खरं न्यायचंय ते १९७४ला, एका सॉफ्टबॉलच्या मैदानावर. दोन वर्षांपूर्वी काही बायकांनी ‘अटलांटा लेस्बियन फेमिनिस्ट अलायन्स’ सुरू केलीय. तोंडी नाव ‘आल्फा’. त्यांचं एक भाड्याचं घर आहे, तिथे सभा होतात, पत्रिका निघते, वादही भरपूर होतात. आता त्यांनी शहराच्या लीगमध्ये संघ उतरवलाय, ‘आल्फा ओमेगाज’. तुम्ही कुंपणाशी घुटमळताय, तेवढ्यात एकजण हाक मारते, “ए, तुला कॅच घेता येतो का?” बाई असाल तर मैदानात चला, बुवा असाल तर बाकावर बसून धावा लिहा.

यातल्या कितीजणींनी आजवर बॅट हातात धरलेली नाही. भाषणं मात्र फर्डी. पहिला उंच चेंडू दोघींच्या मधोमध पडतो आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. पलीकडचा संघ सराईत आहे, आणि त्यातही लेस्बियन आहेतच. दक्षिणेत सॉफ्टबॉलच्या मैदानावर त्या कित्येक वर्षं खेळत आल्या आहेत. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. न बोलण्यावरच तर नोकरी टिकते. त्यामुळे हा उघड बोलणारा संघ त्यांना थोडा धोक्याचा वाटतो. हात मिळवताना एकीची नजर कुंपणापलीकडे जाते, कोणी बघत तर नाही ना. तरी सामन्यानंतर त्यातल्या दोघी तुमच्याबरोबर बिअर प्यायला येतात. जाहीरनामा वाचून त्या आल्या नसत्या. व्हिकी गॅब्रिनर नावाच्या खेळाडूने १९७६मध्ये या संघावर एक लेख लिहिला. चळवळीच्या कागदपत्रांत घामाचा वास असलेले लेख विरळाच.

बारच्या दारात जरा थांबा. तुमचा रंग गव्हाळ. दारावरचा माणूस क्षणभर गोंधळतो आणि सोडतो. तुमच्या मागच्या काळ्या मैत्रिणीकडे मात्र एक ओळखपत्र मागतो, मग दुसरं, मग तिसरं. गोऱ्यांच्या कित्येक गे बारमध्ये ही रीत होती. आल्फाच्या घरातही बहुतेक चेहरे गोरेच. ज्यांना बाहेर जागा नाही त्यांनी आत सगळ्यांना जागा केली, असं म्हणायला मला आवडलं असतं.

त्याच १९७४मध्ये शहरातल्या लिटल फाइव्ह पॉइंट्स भागात लिंडा ब्रायंट आणि बार्बरा बोर्गमन ‘कॅरिस बुक्स’ उघडतात. सुरुवातीला धर्मविषयक आणि मुलांची पुस्तकं, मग हळूहळू बायकांची. तिथे तुम्ही तासभर काहीही विकत न घेता उभे राहिलात तरी कोणी हटकत नाही. दुकान आजही चालू आहे.

१९७६मध्ये महापौर मेनार्ड जॅक्सन ‘गे प्राइड डे’ जाहीर करतात. शहराचे ते पहिले काळे महापौर. वर्तमानपत्रात त्यांच्या राजीनाम्याची मागणी करणारी मोठी जाहिरात येते आणि पुढच्या वर्षी त्या दिवसाचं नाव सौम्य केलं जातं. राजकारणी माणसाची पावलं अशीच पडतात, दीड पुढे, एक मागे.

ऐंशीच्या दशकात फार थांबवणार नाही. १९८२मध्ये ‘एड अटलांटा’ सुरू होते, कारण एड्सने माणसं मरू लागली आहेत. त्याच ऑगस्टमध्ये मायकेल हार्डविकला पोलीस त्याच्याच झोपायच्या खोलीत पकडतात. १९८६मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी जॉर्जियाचा तोच ‘अनैसर्गिक’ संबंधांचा कायदा उचलून धरतं. त्या पाचांतले न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर, १९९०मध्ये, आपलं बहुधा चुकलं म्हणाले. जॉर्जियाच्याच न्यायालयाने १९९८मध्ये तो कायदा मोडीत काढला. २०१८मध्ये आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल लागला, त्यातही हार्डविकच्या खटल्याची चर्चा आहे. त्या खोलीचं दार दिल्लीपर्यंत वाजलं.

शेवटचा मुक्काम कॉब काउंटी, शहराला लागूनच. तिथल्या मॅरिएटाच्या रंगमंचावर टेरेन्स मॅकनलीचं एक नाटक झालं, त्यात समलिंगींचे उल्लेख होते. ऑगस्ट १९९३मध्ये काउंटीच्या कमिशनने ठराव केला की समलिंगी जीवनशैली इथल्या मूल्यांत बसत नाही, आणि कलांचं अनुदानच बंद केलं. पण १९९६चं ऑलिंपिक अटलांटात येणार आहे आणि व्हॉलीबॉल कॉबमध्ये ठरलंय. तुम्ही बसला आहात त्या बैठकीत पॅट हुसेन आणि जॉन-इव्हान वीव्हर यांची ‘ऑलिंपिक्स आउट ऑफ कॉब’ मोहीम चालली आहे. मागणी एकच: सामने इथून हलवा. ते खरंच हलले, आणि पुढे ऑलिंपिकची मशालही कॉब वगळून गेली. कमिशनने ठराव मागे घेतला नाही, हेही खरं.

पॅट हुसेन काळ्या. १९९३मध्येच त्यांनी आणखी पाचजणींबरोबर ‘सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड’ काढली आहे. तीन काळ्या, तीन गोऱ्या, बारच्या दारातला तो प्रश्न पुरता ठाऊक असलेल्या. मोठी शहरं सोडून लहान गावांत जायचं, रंग आणि मजुरीचा प्रश्न बाजूला न ठेवता बोलायचं, असा त्यांचा बेत. एक गाडी आत्ता निघते आहे. मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे सरकवले तर तुम्हाला जागा होईल. पेट्रोलचे पैसे मात्र वाटून घ्यायचे आहेत.