अ‍ॅजाइल पद्धतीची निवड : निधी अनिश्चित असताना

प्रकल्पाला अखेर किती पैसा मिळेल हे ठरलेले नसताना काम लहान, स्वतंत्रपणे वापरता येतील अशा टप्प्यांत पूर्ण करणारी अ‍ॅजाइल पद्धत निवडणे. तिचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी मांडला. मुदत व खर्च बांधून घेऊन कामाची व्याप्ती लवचीक ठेवतात. सर्वांत गरजेचे काम आधी होत असल्याने निधी मध्येच आटला तरी झालेले काम उपयोगी पडते.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणीपुरवठा योजनेत या विचाराची खरी कसोटी दिसते. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले तेव्हा ती १,६८० कोटी रुपयांची होती. पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. जायकवाडी धरणातून येणारी २,५०० मिमी व्यासाची मुख्य जलवाहिनी अर्धवट वापरता येत नाही. शेवटचा जोड बसेपर्यंत तिचा थेंबही शहरात पोचत नाही. त्यामुळे दरम्यानच्या काळासाठी ९०० मिमीची वेगळी वाहिनी टाकण्यात आली. या निर्णयाला कोणी अ‍ॅजाइल म्हटले नाही, पण तहानलेल्या शहरासाठी तो योग्यच होता. जलकुंभ व वितरणवाहिन्याही भागाभागाने सुरू करता येतात. मुख्य वाहिनीसारख्या अखंड कामाला मात्र पूर्ण निधीची हमी आधीच हवी.