सुगरणीचा खोपा आणि समुद्रकाठची व्हिला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रविवारचा पेपर उघडला की एक पानभर जाहिरात हमखास दिसते. पांढऱ्या भिंती, लाल कौले, निळाशार तलाव आणि मागे समुद्र. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘भूमध्य सागरी शैलीची नवी कोरी व्हिला’. ठिकाण मात्र अलिबागजवळचे नाहीतर गोव्यातले. आमच्या कड्याला, आष्टी तालुक्यात, ते पान पूर्वी भाकरी बांधायच्या कामी यायचे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना तलावाच्या चित्राचे काय अप्रूप! पण आता आमचीही पोरे शिकली, पुण्या-मुंबईत नोकरीला लागली, परदेशी जाऊन आली. ती हे पान घडी घालून जपून ठेवतात. म्हणून या घराची पूर्वपीठिका थोडी तपासून बघावी असे वाटले.

व्हिला हा शब्द लॅटिन. रोमन लोक शहराबाहेरच्या, शेतीवाडीवरच्या घराला व्हिला म्हणत. धाकटा प्लिनी नावाचा रोमन लेखक सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. रोमजवळच्या आपल्या समुद्रकाठच्या घराचे वर्णन त्याने एका मित्राला पत्रातून कळवले आहे. कोणत्या खोलीत सकाळचे ऊन येते, जेवणघराला लाटा कशा येऊन भिडतात, हे सारे त्यात आहे. गुलामांच्या खोल्यांचा उल्लेखही आहे. म्हणजे समुद्र बघत बसणारा एक आणि घर चालवणारे दुसरे, ही विभागणी तेव्हापासूनची. बंगला हा शब्द मात्र आपल्याकडचा. बंगाली धाटणीच्या घरावरून साहेबांनी तो उचलला आणि जगभर नेला.

आणि ती लाल कौले? त्यांची गोष्ट तर फारच गमतीची. फ्रान्समध्ये जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. पुढे भूमध्य समुद्रावरच्या मार्सेय बंदरातून अशी कौले देशोदेशी जाऊ लागली. त्याच धर्तीवर १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते हेच. नळीच्या कौलांची जागा त्याने पश्चिम किनाऱ्यावर घेतली. म्हणजे शाळामास्तरांच्या आणि तलाठ्याच्या डोक्यावर भूमध्य समुद्र दीडशे वर्षे आहेच. त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे आता कळले.

कोकणातला जुना माणूस घर बांधताना समुद्राला थोडे अंतर देई. मध्ये नारळी-पोफळीची वाडी, मग आड, मग घर. अलिबाग हे नावच बागेवरून आलेले. अली नावाच्या कुणा धनिकाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, म्हणून अलिबाग, असे सांगतात. कुणी त्याला मुसलमान म्हणतात, कुणी बेने इस्रायल. समुद्र बघायला घर बांधणारा हा अली नव्हे. पाणी काढून झाडे लावणारा अली. गावाने नाव त्याचे ठेवले, हे लक्षात घ्यावे.

याच अलिबागजवळ किहीम हे गाव आहे. मुंबईच्या सुखवस्तू घराण्यांची सुटीतली घरे तिथे फार पूर्वीपासून होती. १९३० साली सालीम अली तिथे राहायला गेले. जर्मनीत शिकून परत येतात तो मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा उरली नव्हती. किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि १९३१ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आपण मराठीत सुगरण म्हणतो, पण घर विणतो तो नर. निम्मा खोपा विणून झाला की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडला तर ताबा घेते. त्यानंतरच नर अंड्यांची जागा आणि खालची नळी पुरी करतो, आणि लगेच दुसरा खोपा हाती घेतो. पसंत पडला नाही तर तो खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो.

अर्धवट बांधलेले घर विकण्याची रीत माणसाने काढली असे समजू नका! फरक एवढाच की सुगरण आधी आत जाऊन बघते, आणि माणूस आधी पैसे देतो. या फरकापायी आपल्याला कायदे करावे लागले. फ्लॅट विकणाऱ्यांच्या लबाडीला आळा घालायला महाराष्ट्राने १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा केला. तो पुरला नाही. मग केंद्राचा २०१६ चा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा सुरू झाले. नोंदणी करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरकडे. पण एक फट आहे. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल, किंवा घरे आठापेक्षा जास्त नसतील, तर ही नोंदणी लागत नाही. छोट्या वसाहतीत घर घेणाऱ्याने हे पाठ करून ठेवावे.

जमिनीचा इतिहास याहून जुना. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा झाला. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडला होता, म्हणून आम्हाला हैदराबादचा १९५० चा. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे राहावी, म्हणून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर बंधन घातले. त्यामुळे व्हिला उभी राहायची तर आधी जमीन अकृषिक व्हावी लागते. वाडीचा प्लॉट होतो तो या एका कागदाने.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने असेच एक घर पसंत केले. आठ घरांची वसाहत, भिंती निम्म्या वर आलेल्या. भाचा इंग्रजी शाळेतला, कागद मराठीत. ‘मामू, तुम्हीच वाचा,’ म्हणाला. मी सातबारा वाचला. विकणारे दोघे भाऊ, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात तीन बहिणींची नावे. विकणाऱ्याचा माणूस म्हणाला, ‘ती नावे निघून जातील.’ मी विचारले, ‘कुठे जातील?’ त्याला उत्तर सुचले नाही. भाच्याने इसार थांबवला.

समुद्राचाही एक सातबारा असतो. १९९१ साली केंद्राने किनारा नियमनाची अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमाखाली आला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम जवळजवळ बंद झाले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली. पण नियम मोडलेला बंगला पैशाने वाचतोच असे नाही. त्याच किहीमला हिरे व्यापारी नीरव मोदी याचा बंगला होता. ८ मार्च २०१९ रोजी जिल्हा प्रशासनाने तो सुरुंग लावून पाडला. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्याने नियमातले आणि नियमाबाहेरचे असा भेद केला नाही. कौले उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. घर वर्षा-दोन वर्षांत उभे राहते. वाडी उभी राहायला एक पिढी लागते.

आमच्याकडच्या जुन्या फिक्‌हमध्ये ‘शुफा’ नावाचा हक्क आहे. घर-जमीन विकायला निघाली तर त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क भागीदाराचा. मग ज्यांची वाट किंवा पाणी सामाईक आहे त्यांचा. त्यानंतर लगतच्या शेजाऱ्याचा. भारताच्या काही भागांत ही रीत कायद्यानेही चालत होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ शेजारावर आधारलेला हक्क घटनाबाह्य ठरवला. ज्याला हवे त्याला, हवे तिथे घर घेता आले पाहिजे, हे बरोबरच आहे. नाहीतर शेजाराच्या नावाखाली नको त्या जाती-धर्माच्या माणसाला बाहेर ठेवायला किती वेळ लागतो? शहरात भाड्याचे घर शोधताना मी ते पुरेपूर अनुभवले आहे.

तरीही हक्क गेला म्हणून त्यातला प्रश्न जात नाही. वाट कोणाची? पाणी कोणाचे? दुष्काळी गावच्या माणसाला तलावाचे चित्र बघून पहिला प्रश्न हाच पडतो, की हा भरतो कुठल्या आडातून, आणि मे महिन्यात शेजारची बाई त्या आडावर गेली तर तिच्या घागरीत काय येते?

समुद्राकाठी घर घ्यावे. उन्हात होरपळलेल्या माणसाला लाटांचा आवाज ऐकत झोपावेसे वाटले तर त्यात गैर काय? फक्त आधी सुगरणीसारखे आत शिरून बघावे. भरतीची रेषा कुठवर येते ते बघावे, सातबाऱ्यावरची बहिणींची नावे वाचावीत, आणि कुंपणापलीकडच्या घरी जाऊन एकदा तांब्याभर पाणी मागावे. ते कसे मिळते, यावरून तिथे राहता येईल की नाही ते कळेल.