वूस्टरचा बिशप वुल्फस्टन

राजाज्ञेनें जें साधत नाहीं तें उपदेशानें साधेल काय, हा प्रश्न इतिहास वाचतांना आम्हांस वारंवार पडतो. त्याचें एक उत्तर अकराव्या शतकांतील इंग्लंडांत, वूस्टरचा बिशप वुल्फस्टन याच्या चरित्रांत सांपडतें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें व हळूहळू बहुतेक धर्मपीठांवर परदेशी बिशप आले. १०६२ पासून अधिकारावर असलेला हा इंग्रज मात्र १०९५ मध्यें मृत्यु येईपर्यंत आपल्या पीठावर राहिला.

त्या काळीं ब्रिस्टल बंदरांतून माणसें आयर्लंडांत गुलाम म्हणून विकलीं जात. दोरीनें बांधलेल्या तरुण स्त्रीपुरुषांच्या रांगा तेथें उघड दिसत. ईश्वराची भक्ति व विल्यम राजाचा धाक हीं दोन्हीं तेथें निष्फळ ठरलीं होतीं, असें वुल्फस्टनचा बाराव्या शतकांतील चरित्रकार सांगतो. वुल्फस्टन दोन-दोन, तीन-तीन महिने त्या भागांत मुक्काम करी व दर रविवारीं लोकांस बोध करी. अखेर ब्रिस्टलकरांनीं तो व्यापार सोडला. इतकेंच नव्हे, तर हट्टानें न ऐकणाऱ्या एका इसमास त्यांनीं गांवाबाहेर घालविलें व त्याचे डोळे काढले.

१२०३ मध्यें वुल्फस्टनला संतपद मिळालें. त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु दयेचा धडा घेतलेल्या लोकांनींच तें क्रौर्य केलें, हेंहि विसरतां येत नाहीं. माणसाची एक वाईट चाल उपदेशानें सुटते. स्वभाव पालटण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.