ई-मेल सर्व्हरमधील हार्ड डिस्कची रचना

ई-मेल सर्व्हरमधील हार्ड डिस्कची रचना म्हणजे ई-मेल स्वीकारणाऱ्या, साठवणाऱ्या व पुढे पाठवणाऱ्या संगणकात एकाहून अधिक हार्ड डिस्क अशा रीतीने जोडणे, की त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी साठवलेले संदेश नष्ट होऊ नयेत व सेवाही खंडित होऊ नये. यासाठी प्रामुख्याने ‘रेड’ ही पद्धत वापरली जाते. रचना ठरवताना साठवणक्षमता, वेग, खर्च व सुरक्षितता यांचा एकत्रित विचार करावा लागतो. लहान कार्यालये व शिक्षणसंस्था यांच्या सर्व्हरसाठी रेड १ किंवा रेड १० आणि त्यासोबत वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या राखीव प्रती ही रचना सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते.

इतिहास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रेड ही संज्ञा मांडली. मोठ्या संगणकांसाठीच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकातील अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरता येतील, अशी त्यांची कल्पना होती. यातील मुख्य अडचणही त्यांनीच दाखवून दिली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क बंद पडेल. त्यामुळे जादा माहिती साठवून ठेवणे अपरिहार्य ठरते. मूळ निबंधात १ ते ५ असे स्तर वर्णिलेले होते; ० व ६ हे स्तर नंतर रूढ झाले. संज्ञेतील ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाची जागाही पुढे ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाने घेतली.

ई-मेल सर्व्हरच्या कामाचे स्वरूप

ई-मेलची देवाणघेवाण एसएमटीपी या नियमावलीनुसार होते. ती १९८२ साली प्रथम निश्चित झाली. संदेश घेणाऱ्या सर्व्हरने २५० या क्रमांकाचे उत्तर दिले, की तो संदेश पोहोचवण्याची किंवा पोहोचला नाही असे कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यानंतर पाठवणारा सर्व्हर आपल्याकडील प्रत काढून टाकतो. म्हणून हे उत्तर देण्यापूर्वी संदेश डिस्कवर खरोखर लिहिला जाणे आवश्यक असते. पोस्टफिक्ससारखे सर्व्हर संदेश प्रथम रांगेत लिहितात व नंतर वापरकर्त्याच्या पेटीत ठेवतात, म्हणजे एकच संदेश डिस्कवर किमान दोनदा लिहिला जातो. मेलडिर या साठवणपद्धतीत प्रत्येक संदेशाची वेगळी फाइल तयार होते.

परिणामी ई-मेल सर्व्हरच्या डिस्कवर असंख्य लहान नोंदी विखुरलेल्या जागी सतत लिहिल्या जातात. चित्रफिती साठवणाऱ्या सर्व्हरला सलग वाचन-लेखनाचा वेग महत्त्वाचा असतो. ई-मेल सर्व्हरला मात्र एका सेकंदात किती स्वतंत्र लेखनक्रिया होऊ शकतात हे महत्त्वाचे ठरते.

रेडचे प्रमुख स्तर

४ टेराबाइट क्षमतेच्या चार डिस्क आहेत असे धरल्यास निरनिराळ्या स्तरांची तुलना पुढीलप्रमाणे करता येते.

• रेड ०: विदा सर्व डिस्कवर वाटला जातो. क्षमता १६ टेराबाइट. एक डिस्क गेली तरी संपूर्ण समूह निकामी होतो, त्यामुळे टपालासाठी अयोग्य.
• रेड ५: विदा व त्यावरून काढलेली पॅरिटी सर्व डिस्कवर विभागली जाते. क्षमता १२ टेराबाइट. कोणतीही एक डिस्क गेल्यास विदा वाचतो.
• रेड ६: पॅरिटीचे दोन संच असतात. क्षमता ८ टेराबाइट. कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी विदा वाचतो.
• रेड १०: डिस्कच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत तोच विदा दोनदा लिहिला जातो व जोड्यांमध्ये विदा वाटला जातो. क्षमता ८ टेराबाइट. एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्हींपैकी फक्त तिची जोडीदार गेली तरच विदा नष्ट होतो.

दोनच डिस्क असतील तर रेड १ वापरतात. त्यात दोन्ही डिस्क एकमेकींची प्रत असतात.

लेखनाचा भार

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यास सुमारे ४.२ मिलिसेकंद आणि वाचनशीर्ष योग्य जागी नेण्यास साधारण ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजेच अशी डिस्क सेकंदाला सुमारे ८० विखुरलेल्या क्रिया करू शकते व चार डिस्क मिळून सुमारे ३२०. रेड १० मध्ये एका लेखनासाठी दोन क्रिया होतात, म्हणून प्रत्यक्ष लेखने सुमारे १६० होतात. रेड ५ मध्ये जुना विदा व जुनी पॅरिटी वाचणे आणि नवा विदा व नवी पॅरिटी लिहिणे अशा चार क्रिया लागतात, म्हणून लेखने ८० वर येतात. रेड ६ मध्ये सहा क्रिया लागत असल्याने ती ५३ च्या आसपास राहतात. रेड ५ ने मिळणारी जादा जागा ई-मेल सर्व्हरला महाग पडते ती याच कारणामुळे.

एसएसडी प्रकारात फिरते भाग नसल्याने सेकंदाला हजारो क्रिया होतात व हा फरक पुष्कळ अंशी सुसह्य होतो. मात्र लेखनाने एसएसडी झिजते. रेड १ मधील दोन्ही डिस्कवर सारखेच लेखन होत असल्याने त्या एकाच सुमारास झिजण्याचा संभव असतो.

बिघाडाचे प्रमाण

उत्पादकांच्या माहितीपत्रकात डिस्कचे सरासरी आयुष्य १० लाख तास किंवा त्याहून अधिक दिलेले असते. हा कालावधी सुमारे ११४ वर्षांचा भरतो; त्यानुसार वर्षाला १०० पैकी एकाहून कमी डिस्क बदलावी लागायला हवी. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांच्या २००७ सालच्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रमाण बहुधा वर्षाला २ ते ४ टक्के आढळले. काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत होते. त्याच वर्षी गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कच्या आधारे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बिघडलेल्या डिस्कपैकी मोठ्या भागात स्वयंनिरीक्षण यंत्रणेने कोणतीही ठळक पूर्वसूचना दिली नव्हती.

पुनर्बांधणी

निकामी डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर तिच्यावरील विदा पुन्हा तयार करावा लागतो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. सेवा चालू असल्यास हा काळ पुष्कळ वाढतो. रेड ५ मध्ये या काळात उरलेल्या सर्व डिस्क संपूर्ण वाचाव्या लागतात. त्यांपैकी एखादा भाग वाचता आला नाही तर तेथील विदा परत मिळत नाही. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. असे दडलेले दोष आधीच उघडकीस यावेत म्हणून ठरावीक काळाने संपूर्ण समूह वाचून तपासण्याची प्रथा आहे.

एक डिस्क गेल्यावरही सर्व्हर चालू राहत असल्याने बिघाड कोणाच्या लक्षात न येण्याचा धोका असतो. त्यामुळे सूचना पाठवण्याची व्यवस्था आवश्यक ठरते. ही सूचना त्याच सर्व्हरवरील पेटीत न पाठवता अन्यत्र पाठवणे इष्ट असते.

वीजपुरवठा व डिस्कची निवड

लेखन चालू असताना वीज गेल्यास विदा व पॅरिटी यांचा मेळ बिघडू शकतो. त्यासाठी बॅटरीचा आधार असलेली कॅशे, विजेच्या खंडापासून संरक्षण असलेल्या एसएसडी व यूपीएस यांचा उपयोग करतात. झेडएफएस ही फाइल व्यवस्था जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते व प्रत्येक भागाची पडताळणी-बेरीज ठेवते, त्यामुळे तिच्यात हा दोष टळतो.

घरगुती वापराची डिस्क वाचनात अडथळा आल्यास दीर्घकाळ प्रयत्न करत राहते, त्यामुळे रेड नियंत्रक तिला निकामी समजण्याची शक्यता असते. सर्व्हरसाठीच्या डिस्क काही सेकंदांतच त्रुटी कळवतात. एकाच जोडीतील डिस्क वेगवेगळ्या उत्पादन-गटांतील असाव्यात, असाही संकेत आहे.

रेड व राखीव प्रती

रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेला संदेश, प्रणालीतील दोष, विषाणू, चोरी किंवा आग यांपासून रेड संरक्षण देत नाही. पुसण्याची आज्ञा सर्व डिस्कवर सारख्याच तत्परतेने पाळली जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे संदेश दिसेनासे झाले. त्यांच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत असूनही दोषाची झळ त्या प्रतींना पोहोचली. अखेरीस जाळ्यापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून संदेश परत मिळवण्यात आले. म्हणून किमान एक प्रत सर्व्हरपासून दूर व विलग ठेवणे आणि ती परत वापरता येते की नाही हे अधूनमधून प्रत्यक्ष पडताळून पाहणे, हा या रचनेचा अविभाज्य भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

• हार्ड डिस्क
• ई-मेल
• सर्व्हर
• फाइल व्यवस्था