मॉन्ट्रियलचा करार आणि धरणगावचे विनापावती बियाणे

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने धरणगावात वखार थाटली होती. ती कापडासाठी. इथला माल तापीच्या खोऱ्याने सुरतेला जाई. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वेही त्याच वाटेने आली. गेल्या काही वर्षांत याच वाटेने उलट दिशेला, गुजरातकडून खानदेशात, एक वस्तू येते आहे: तणनाशक मारूनही न मरणाऱ्या कपाशीचे बियाणे. कागदोपत्री नाव एचटीबीटी, बोलीत 'चोर बीटी'.

हे बियाणे बेकायदा का, हे शोधताना एक धागा थेट मॉन्ट्रियलपर्यंत जातो. 29 जानेवारी 2000 रोजी तिथे कार्टाजेना जैवसुरक्षा प्रोटोकॉल संमत झाला. जनुकीय बदल केलेल्या सजीवांची देशोदेशीची ने-आण जोखीम तपासून व्हावी आणि प्रत्येक सदस्य देशाने त्यासाठी स्वतःची कायदेशीर व्यवस्था उभारावी, हा त्याचा गाभा. भारताने जानेवारी 2003 मध्ये त्याला मान्यता दिली. हे तंत्रज्ञान जिथे वाढले ती अमेरिका मात्र आजही सदस्य नाही.

युरोपीय संघात पर्यावरण कायदा मोडणाऱ्या देशाला न्यायालयात खेचता येते. बियावोविएझाच्या जंगलातली तोड थांबवावी म्हणून 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने पोलंडला दिवसाला किमान 1 लाख युरो दंडाची तंबी दिली होती. कार्टाजेनाच्या हाती असा दंड नाही. त्याची अनुपालन समिती अहवाल तपासते, सल्ला देते, मदत सुचवते. अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या घरी.

भारताच्या घरी नियम आधीपासूनच होते. 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली 1989 मध्ये नियम निघाले: दिल्लीत जीईएसी ही केंद्रीय समिती, राज्यात समन्वय समिती, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती. साखळी पूर्ण दिसते. पण ही सारी रचना एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे कोणीतरी परवानगीसाठी अर्ज करील.

हे गृहीतक 2001 मध्येच कोसळले होते. गुजरातेत 'नवभारत-151' या वाणात विनापरवाना बीटी जनुक सापडले. जीईएसीने उभे पीक नष्ट करण्याचा आदेश दिला. शेतकरी आडवे आले आणि आदेश कागदावरच राहिला. काही महिन्यांतच, 26 मार्च 2002 रोजी, बीटी कपाशीला अधिकृत परवानगी मिळाली. पेरणी आधी, परवानगी मागाहून, हा धडा शेतकरी आणि विक्रेते दोघांनीही नीट लक्षात ठेवलेला दिसतो.

एचटीबीटीच्या बाबतीत तर अर्जदारच निघून गेला. जालन्याच्या महिकोने अशा वाणासाठी केलेला अर्ज 2016 मध्ये मागे घेतला. बियाणे मात्र गेले नाही. केंद्राने नेमलेल्या समितीने 2018 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत कपाशीच्या सुमारे 15 टक्के क्षेत्रावर ते असल्याचा अंदाज मांडला. 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरले. गुन्हे दाखल झाले, पण पेरा थांबला नाही.

कारण शेतात आहे. झड लागली की कोळपे चालत नाही, निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी एका फवारणीत मोकळे होणारे रान कोणाला नको? तिकडे बियाणे निरीक्षकाच्या हाती लागते ते बिननावाचे पाकीट, लॉट नंबर नसलेले. सरकी पाहून काही कळत नाही; तपासणीच करावी लागते. खरिपाच्या तोंडावर जळगाव जिल्ह्यात छापे पडतात, पाकिटे जप्त होतात. एकदा बी मातीत गेले की उगवलेले पीक उपटायला कोणता अधिकारी गावात जाईल?

शिक्षेचा धाकही ओसरला आहे. 1986 च्या कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद जनविश्वास कायद्याने काढली. एप्रिल 2024 पासून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आहे. ज्या ग्लायफोसेटसाठी हे बियाणे घ्यायचे, ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावे, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला. म्हणजे बी बेकायदा आणि पाठीवरच्या पंपातले औषधही नियमाबाहेर.

या सगळ्यात उघडा पडतो तो शेतकरीच. अधिकृत बियाणे उगवले नाही तर पावती आणि पाकीट घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येते. चोर बीटी फसले, तर दाखवायला पावतीही नसते.